स्टीलचा डबा आमच्याकडेच आहे

गेल्या शनिवारी सकाळी पुणे स्टेशनच्या जिन्यावर माझ्या वडिलांना घेरी आली, तेव्हा धावून आलेल्या तिघांना हे आभार. नावं विचारायचं भानच राहिलं नाही.

पप्पांनी एकतीस वर्षं नगरकडच्या खेड्यांत सुवार्तिक, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रचारक, म्हणून काढली. शहरातल्या शाळेत क्वार्टरसकट नोकरी चालून आली होती, तीही नाकारली. (आईने हे त्यांना अजून पुरतं माफ केलेलं नाही.) त्यांची एकच हौस राहिली होती, पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं मुक्ती मिशन, म्हणजे पंडिता रमाबाईंनी उभारलेला निराधार स्त्रियांचा आश्रम, पाहायची. रमाबाईंनी १८९० मध्ये शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा मुंबईहून पुण्यात आणली. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या निराधार मुलींना त्यांनी आसरा दिला, त्या केडगावला. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं. पप्पा हे सगळं जिना चढता चढता सांगत होते, दम लागणारच!

हमालदादा, तुम्ही सामानाच्या गाडीवर त्यांना बसवलंत आणि पैसे घेतले नाहीत. कॉलेजच्या मुला, आमच्यासाठी तुझी गाडी चुकली. आणि तुळशीची माळ घातलेल्या आजी, तुम्ही पदराने वारा घातलात, डब्यातला गूळ भरवलात. पप्पांच्या हातातलं बायबल पाहून म्हणालात, "माउली, देवाचं पुस्तक पडू देऊ नका."

पप्पा आता बरे आहेत. आजी, तुमचा डबा आमच्याकडेच राहिलाय. आईने त्यात रव्याचे लाडू भरून ठेवलेत.