साहेब, माझं शरीराचं वय ६१ निघालं, अर्जाचं किती ते सांगाल का?

प्रति,
मा. मंत्रीमहोदय, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई

विषय: ऑफिसच्या टायमात चालणारे ऑफिसातले जोडधंदे, आणि माझी वारस नोंद

महोदय,

सविनय नमस्कार. आपण कामात असणार, आपला वेळ घेतोय त्याबद्दल आधीच माफी मागतो.

मी कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत फेटलिंगला (ओतीव माल घासून साफ करायचं काम) आहे, वय ४७. आमचे आबा गेल्या कार्तिकात गेले. त्यांच्या नावावर २७ गुंठे, सगळा ऊस. वारस नोंदीसाठी जानेवारीत अर्ज दिला, मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, सातबारा, आठ अ सगळं जोडून. भावकीत भांडण नाही, बहीण स्वतः येऊन सही करून गेली, तिचंही नाव लावायचंय. नोटीस काढायची, पंधरा दिवस हरकतीची वाट बघायची आणि मंडळ अधिकाऱ्यांनी सही करायची, काम एवढंच. आता जून आलाय.

गेल्या मंगळवारी माझी नववी खेप. ऑफिस कुठलं ते लिहीत नाही कारण नोंद अजून व्हायची आहे, समजून घ्या. माझी फाईल ज्यांच्याकडं आहे ते भाऊसाहेब हसत म्हणाले, "या पाव्हणं, चप्पल काढा." मला वाटलं ऑफिसात देवघर केलंय की काय. तर टेबलाच्या बाजूला वजनाचा काटा ठेवलेला, चकचकीत, काचेचा. "उभं ऱ्हावा की, फुकट हाय." उभा राहिलो. नाही म्हणायची टाप नव्हती, काम त्यांच्याकडं. हातात एक मशीन धरायला दिलं, त्यावर आकडे आले, भाऊसाहेबांनी ते वहीत लिहून घेतले (शासनाची वही) आणि म्हणाले, तुमचं मेटाबॉलिक वय ६१ आहे, पोटावर चरबी हाय, लिव्हरवर लोड येणार. मी म्हटलं माझ्या अर्जाचं काय झालं, तर म्हणाले बघूया की, आधी तब्येत.

मग काट्यावरनं खाली उतरलो तर काटा डुगला. फरशी खालीवर आहे तिथली, म्हणून त्यांनी एका बाजूला फाईल सरकवली होती टेकू म्हणून. वाकून बघितलं. वर आबांचं नाव.

साहेब, तुम्ही कधी असं वजन केलंय का?

मी काय बोललो तर काहीच नाही. वजन कमी करायच्या पावडरचा त्यांचा डबा घेतला. होय, घेतला, २३५० रुपयांचा, व्हॅनिला फ्लेवर. वाटलं आता तरी काम हलेल. पावती मिळाली नाही, नोटीसही निघाली नाही. १०६४ ला (लाचलुचपतवाल्यांचा नंबर) फोन करायचा विचार केला पण सांगणार काय, लाच घेतली म्हणायला त्यांनी डबा दिलाय की हातात, आणि खरेदी म्हणायला मला त्या पावडरचं काय करायचं होतं? जुनी पद्धत बरी होती असं म्हणायची वेळ आणली या लोकांनी, निदान पाकीट घेऊन काम तरी करत होते, आता पाकिटाच्या जागी फॅमिली पॅक आलाय आणि काम आहे तिथंच. घरी आई विचारते हे पोट साफ व्हायचं औषध हाय का.

आणि हे एकटेच आहेत असं समजू नका. पलीकडच्या टेबलावर ड्रेस मटेरियल. बाई चांगल्या आहेत बोलायला, पण अकरा ते साडेबारा फोटो काढणं आणि ग्रुपवर टाकणं चालू असतं, एका खेपेला तर टेबलावर कापड पसरलेलं म्हणून स्टॅम्प सापडेना. आतल्या खोलीतले साहेब प्लॉटिंगमध्ये. "एनए (बिगरशेती) होणारच आहे, तुम्ही टोकन द्या" हे वाक्य मी दाराबाहेर उभा राहून चारदा ऐकलंय. एनए कधी होणार हे त्यांना माहीत असतं बघा, माझी नोंद कधी होणार हे मात्र त्या अख्ख्या इमारतीत कुणाला माहीत नाही.

कायदे नाहीत म्हणावं तर तसंही नाही. पुतण्यानं सगळं काढून दिलं. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९, नियम १६, परवानगीशिवाय खासगी धंदा करायचा नाही, बायकोच्या नावावरच्या विमा एजन्सीला गिऱ्हाईक गोळा केलं तरी नियमभंग. २००५ चा बदल्यांचा आणि दप्तर दिरंगाईचा कायदा, फाईल एका टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबू नये. टेबलावर. काट्याखाली किती दिवस ते लिहिलेलं नाही, तेवढी दुरुस्ती करा. २०२१ ला तर ऑफिसात मोबाईल गरजेपुरताच वापरा म्हणून आदेश काढला. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा, वेळेत काम केलं नाही तर दंड ५०० ते ५००० रुपये. ५००० म्हणजे दोन डब्यांचं गिऱ्हाईक साहेब, ते तर माझ्यासारखं कुणीही चालत येतं.

२९ फेब्रुवारी २०२० पासनं तुम्ही पाच दिवसांचा आठवडा दिला, पावणेदहा ते सव्वासहा, मध्ये जेवायला अर्धा तास. म्हणजे आठ तास काम. मार्च २०२३ च्या संपात सतरा लाख कर्मचारी असा आकडा छापून आला होता. त्यातल्या दहातल्या एकानं दिवसाला एक तास स्वतःच्या धंद्याला दिला तरी १ लाख ७० हजार तास झाले, म्हणजे रोज एकवीस हजार माणसं पगार घेऊन घरी. हिशोब माझा आहे, चुकला असेल तर चुकू दे, त्यात मास्तर आणि नर्सताई पण आल्या त्यांना यात ओढायचं नाही मला. पण तुमच्याकडं खरा आकडा असेल तर तुम्ही द्या की.

माझा स्वतःचा हिशोब मात्र पक्का आहे. नऊ खेपा, त्यात सहा खाडे. एका खाड्याला ७८० जातात. ४६८० झाले, पेट्रोल, झेरॉक्स वेगळं, डबा वेगळा. नाव लागल्याशिवाय सोसायटी पीक कर्जाला उभं करत नाही, तीन लाखांपर्यंत वेळेत भरलं तर बिनव्याजी मिळतं ते कर्ज सोडून मी लागणीची खतं मेव्हण्याच्या उसन्या पैशातनं घातली. मेव्हणा काय बोलत नाही पण बायकोला भाऊबीजेला ऐकवणार. शेतकरी ओळख क्रमांक काढायला गेलो तर सातबारावर नाव आणा.

आमच्या फाउंड्रीत गेटवर मोबाईल लॉकरला, अंगठा लावल्याशिवाय आत नाही, सात मिनिटं उशीर झाला तर अर्धा तास कापतात, ग्राइंडरवर उभा असताना लघवीला जायचं तरी सुपरवायझर घड्याळ बघतो. २०२२ मध्ये विप्रोनं तीनशे लोकांना घरी पाठवलं, नोकरी यांची आणि काम दुसऱ्या कंपनीचं करत होते म्हणून. खासगीत तीनशे जण एका दणक्यात जातात आणि इथं एका माणसाची कानउघाडणी करायला किती चौकशी समित्या लागतील? वरनं परत संपात यांची घोषणा "एकच मिशन जुनी पेन्शन". मिशन दोन दिसतात मला तरी.

कंत्राटावरचा कॉम्प्युटरवाला पोरगा आहे तिथं, तुटपुंज्या पगारावर, सहानंतर घरच्या कांदा लसूण चटणीची पाकिटं विकतो, त्याच्याबद्दल माझी काय तक्रार नाही. सगळ्यांत जास्त काम तोच करतो. पोटाला कमी पडतं त्यानं धंदा केला तर समजतं, पण ज्याला वेतन आयोग लागतो त्याला कसलं कमी पडलंय?

शाहू महाराजांचं नाव तुम्ही प्रत्येक भाषणात घेता. महाराजांनी १९१८ ला कुलकर्णी वतनं रद्द केली आणि पगारी तलाठी नेमले, का, तर गावाचं दप्तर एका घराची मालकी होऊन बसलं होतं म्हणून. शंभर वर्षं झाली. टेबल परत वतन झालंय साहेब, फक्त आता त्यावर व्हॅनिला आणि चॉकलेट दोन्ही मिळतं.

मागणं फार नाही. नोटीस काढायला सांगा. कर्मचारी आणि त्यांच्या घरचे काय काय विकतात ते एकदा लिहून घ्या. आणि तो काटा तिथनं उचला, निदान फाईल तरी काढा खालनं.

आपला,
मयत खातेदाराचा मुलगा (खातेदार अजून झालेलो नाही)
कोल्हापूर

ता. क.: आठवडाभर सेकंड शिफ्ट आहे, हे मी घरी बसून माझ्या वेळेत लिहितोय. आत्ता बुधवारी सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी भाऊसाहेबांचा मेसेज आला. मला वाटलं नोंदीचा असेल. "दोन डब्यांवर शेकर फ्री. डिलिव्हरी ऑफिसमध्ये, वेळ ११ ते ४."