वड्या आणू नकोस

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रात्री साडेअकराला उंदीर दिसला म्हणून ओट्यावर चढून तू फोन केलास, तेव्हा बाबा हसले. मी नाही हसले, मला आपल्या माळ्यावरचे उंदीर आठवले.

औषधाच्या वड्या आणू नकोस. तू तिसरीत असताना मी टाकल्या होत्या. त्याने उंदीर लगेच मरत नाही. रक्त गोठेनासं होऊन तीन-चार दिवसांनी मरतो, तोही त्याला हवं तिथे. आपला मेला फ्रीजच्या मागे. गणपती दोन दिवसांवर, घरभर दुर्गंधी आणि बाबा उदबत्त्या लावत सुटलेले. "मूर्तीच्या आधी वाहनच गेलं," आजी म्हणाल्या. चिकट पॅडही नको. रात्रभर चिरकणारा जिवंत उंदीर सकाळी तुलाच उचलावा लागेल.

आधी लेंड्या बघ. तांदळाच्या दाण्याएवढ्या, काळ्या. ओलसर चमकत असतील तर ताज्या. त्यांच्या मागे मागे भिंतीच्या कडेने बॅटरी मारत जा. माझा संशय सिंकखाली पाइप भिंतीत शिरतो तिथे आहे. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून तो आत येतो. भांडी घासायची तारेची घासणी त्यात ठासून भर आणि वरून व्हाइट सिमेंट लाव. चिंधी कोंबलीस तर रात्रीत कुरतडेल.

आत राहिलेल्यासाठी पिंजरा, भिंतीला चिकटून, आत कांदाभजी. (सुक्या बोंबलाला तोड नाही, पण तुझ्या घरमालकांच्या नाकाचा विचार कर.) सापडला की लांब नेऊन सोड, गेटबाहेर सोडलास तर तुझ्याआधी घरी पोचेल. लांब नाकाची, वास मारणारी सापडली तर ती चिचुंद्री. ती झुरळं खाते, तिला बाहेर जाऊ दे.

लेंड्यांवर कोरडा झाडू मारू नकोस, ती धूळ नाकात जाते. हातमोजे आणि मास्क घालून फिनेलचं पाणी शिंपड, थोडं थांब, मग कागदाने पूस.

हे याच रविवारी कर. मादी तीन आठवड्यांत पाच-सहा पिल्लं घालते.

आणि ती पिशवीतली कणीक! बाबांबरोबर स्टीलचे दोन डबे पाठवतेय. वरच्यात डिंकाचे लाडू आहेत, ते संपेपर्यंत कणीक खालच्यात ठेव.

तुझी,
आई