तो पूल ‘प्रतिकृती’ नव्हे

महोदय,

युद्धात पडलेल्या वास्तूंवरचा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. लेख चांगलाच आहे, पण फ्लॉरेन्सच्या सांता त्रिनिता पुलाच्या छायाचित्राखाली ‘मूळ पुलाची प्रतिकृती’ असे छापले आहे. हा शब्द मनाला लागला. माझी सगळी नोकरी पुलांच्या कामावर गेली, म्हणून लिहितो.

३ ऑगस्ट १९४४ च्या रात्री माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने आर्नो नदीवरचे शहरातले पूल सुरुंगांनी उडवले. एक पोंते वेक्यो तेवढा राखला, पण त्याच्याही दोन्ही तोंडांची घरे पाडून वाट बुजवली. सांता त्रिनिताच्या तिन्ही कमानी नदीत गेल्या. दोस्तांच्या लष्कराने उरलेल्या खांबांवर बेली पूल, म्हणजे तयार पोलादी भाग जोडून उभारायचा तात्पुरता पूल, टाकला आणि रहदारी सुरू झाली.

लोकांना मात्र आपलाच पूल हवा होता, जिथे होता तिथे, जसा होता तसा. आत काँक्रीट आणि बाहेरून दगड, असेही सुचवले गेले होते. तसे झाले असते तर मीही प्रतिकृतीच म्हटले असते, कारण तो दगड नुसता अंगरखा. भार वाहणार काँक्रीट. इथे कमान दगडाचीच बांधली. नदीच्या तळातून जुने दगड वर काढले, कमी पडले ते बोबोली बागेतली खाण पुन्हा उघडून आणले. सोळाव्या शतकात वास्तुकार अम्मानातीने बांधलेली ही कमान फार चपटी आहे, उंची गाळ्याच्या, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतराच्या, जेमतेम सातवा हिस्सा. अशा कमानीत प्रत्येक दगड शेजारच्याला रेटून धरतो, एकाचीही घडाई चुकून चालत नाही. आजही तिथे दगडच भार वाहतो आहे.

काही वर्षांपूर्वी तिथे गेलो होतो. कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० मध्ये फ्लॉरेन्समध्येच वारले. कॅशिने बागेतले त्यांचे स्मारक पाहिले, डोळे भरून आले. तिथून नदीकाठाने चालत पुलावर आलो. टोकाला वसंत ऋतूचा पुतळा आहे. १९५८ साली पूल खुला झाला तेव्हा या पुतळ्याला शिर नव्हते. शोधूनही सापडले नव्हते. १९६१ मध्ये ते नदीच्या गाळात मिळाले आणि जागेवर बसवले. मानेवर सांध्याची बारीक रेघ आहे. ती पाहत मी बराच वेळ उभा होतो. पत्नीने दोनदा हाक मारली, तेव्हा हललो.

पुढच्या पुरवणीत ‘प्रतिकृती’ऐवजी ‘पुन्हा बांधलेला पूल’ अशी दुरुस्ती छापावी, आणि जमल्यास त्या पुतळ्याचे जवळून घेतलेले छायाचित्रही द्यावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त पूल-अभियंता