माळ ओढताना होणारी गल्लत

महोदय,
नापिकी, कर्ज, आजारपण आलं की माण-खटावकडची माणसं गोंदवलेकर महाराजांच्या ‘श्रीराम जय राम जय जय राम’ या तेरा अक्षरी जपाकडे वळतात. वळावंच. अडतं ते आकड्यावर. महिन्यात लाखाचा संकल्प म्हणजे रोज ३१ माळा. एका जपाला तीन सेकंद धरले तरी पावणेतीन तास! चौथ्या दिवशी खाडा पडतो, मग ‘आपली श्रद्धाच कमी’ ही टोचणी. त्यापेक्षा पहाटे एकच माळ, साडेपाच मिनिटांची. मन भरकटलं तर बोट त्याच मण्यावर ठेवून पुन्हा नाम घ्यावं, माळेच्या टोकाचा मोठा मेरुमणी ओलांडू नये. माळ खाली ठेवताच दिवसाचं एक काम ठरवावं, अगदी बँकेत कर्ज पुनर्गठनाचा अर्ज का असेना. जप सुरू केला म्हणून बीपीची गोळी सोडणारे महाभागही आहेतच. दोन आठवडे झोप उडाली असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करावा. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

– एक वाचक, दहिवडी (जि. सातारा)