लॅटिनचे शब्द षष्ठीसकट पाठ करा

मा. संपादक,
स. न.

ब्रिटनमध्ये जीसीएसईला (तिथल्या सोळाव्या वर्षीच्या शालेय परीक्षेला) लॅटिन घेतलेली मराठी मुले असोत, की इथे प्राचीन इतिहासापायी लॅटिनला हात घालणारे विद्यार्थी. पहिल्या परीक्षेआधी सगळे एकच विचारतात, आधी व्याकरण की आधी शब्द? आमचे म्हणणे, शब्द नीट पाठ केले तर बरेचसे व्याकरण त्यांच्याच पाठीवर बसून येते.

‘रेक्स म्हणजे राजा’ एवढेच घोकलेले मूल उताऱ्यात ‘रेगेम’ (राजाला) दिसले की अडते. पाठ करायचे ते ‘रेक्स, रेगिस, पुल्लिंग, राजा’. षष्ठीच्या एकवचनाचा ‘इस’ काढला की ‘रेग्’ हे अंग (ज्याला प्रत्यय लागतात तो भाग) उरते आणि नाम पाच वर्गांपैकी तिसऱ्यातले, हेही कळते. क्रियापदाची चार रूपे हवीत: अमो, अमारे, अमावी, अमातुम. क्रियापदाचा गण, म्हणजे वर्ग, दुसऱ्या रूपावरून कळतो; ते गाळणाऱ्याची फजिती ठरलेली. ‘मोनेत’ म्हणजे ‘तो सल्ला देतो’, पण ‘रेगेत’ म्हणजे ‘तो राज्य करील’. शेवट तोच, काळ वेगळा, कारण गण वेगळे.

देवनागरीत उच्चार लिहिण्याचा फायदा आहे: ‘मालुम’ सफरचंद आणि ‘मलुम’ वाईट गोष्ट, हा फरक डोळ्यांना दिसतो. मात्र ‘ए’ ऱ्हस्व की दीर्घ हे आपली लिपी सांगत नाही. ‘मोनेत’चे दुसरे रूप मोनेरे, ‘रेगेत’चे रेगेरे; मोनेरेतला मधला ‘ए’ दीर्घ, रेगेरेतला ऱ्हस्व, आणि गण ओळखायचा तो त्यावरूनच. तेव्हा वहीत दीर्घ स्वराच्या रोमन अक्षरावर आडवी रेघ द्यावीच.

संस्कृत झालेल्यांनी विभक्तींचा कोठा नव्याने शिकू नये, जुन्यावर बसवावा. लॅटिनची अ‍ॅब्लेटिव्ह म्हणजे आपली तृतीया, पंचमी आणि बहुतेक सप्तमी एकाच घरात: ‘ग्लादिओ’ तलवारीने, ‘एक्स उर्बे’ शहरातून, ‘इन उर्बे’ शहरात. ‘इन उर्बेम’ झाले की द्वितीया, म्हणजे ‘शहरात शिरताना’. ‘नगरं गच्छति’ आठवावे. नपुंसकलिंगात प्रथमा-द्वितीया सारखी, वनम्-वनानि तशी बेल्लुम (युद्ध)-बेल्ला (युद्धे). हे ठाऊक असूनही ‘बेल्ला’ला स्त्रीलिंगी एकवचन समजून ‘युद्धे’चे ‘युद्ध’ करणारे दर वर्गात निघतात. विशेषण लिंग पाहते, शेवट नव्हे: चांगला शेतकरी ‘अग्रिकोला बोनुस’, ‘बोना’ नव्हे.

विभक्तींचा क्रम ब्रिटिश पुस्तकांत एक, अमेरिकन पुस्तकांत दुसरा. ब्रिटिश कोठ्यात षष्ठी द्वितीयेनंतर येते, अमेरिकनमध्ये प्रथमेला लागून. दोन्ही पुस्तकांतून आलटूनपालटून घोकले तर ऐन पेपरात जीभ अडखळते.

तीनशे शब्द आणि तीन आठवडे असतील, तर रोज वीस, पंधरा दिवस; उरलेले सहा दिवस उजळणीला. कालचे, तीन दिवसांपूर्वीचे आणि आठवड्यापूर्वीचे शब्द रोज अर्थ झाकून तपासावेत. विभक्तींचे कोठे नुसते वाचू नयेत, कोऱ्या कागदावर न बघता लिहावेत.

भाषांतरात आधी क्रियापद धरा. ‘पुएल्लाए अग्रिकोलीस रोसास दन्त’: ‘दन्त’ अनेकवचनी, म्हणून कर्ताही अनेकवचनी. ‘पुएल्लाए’ची एकवचनी षष्ठी व चतुर्थी तिथेच बाद. ‘रोसास’ द्वितीया, ‘अग्रिकोलीस’ चतुर्थी: मुली शेतकऱ्यांना गुलाब देतात. डावीकडून सुरुवात करणारा मात्र ‘मुलीचे’ लिहून मोकळा होतो.

— लॅटिन-संस्कृतचे दोन शिक्षक, पुणे