मनू, त्या रात्रीच्या जेवणाबद्दल

प्रिय मनू,

पोचल्याचा मेसेज मिळाला. रूमचा फोटो आईने दाखवला, खिडकी मोठी आहे, बरं वाटलं, पण हीटरवर ओले कपडे वाळत टाकू नको. खरं तर मला एवढंच लिहायचं होतं आणि सॉरी म्हणायचं होतं. एअरपोर्टवर मी धड बोललो नाही, पार्किंगची पावती शोधत बसलो. पावती खिशातच होती.

त्या रात्री मी ताटावरून उठलो ते चुकलंच. आईने तुझ्यासाठी पाटवडी रस्सा केला होता आणि तू आपली सहज बोलून राहिली होती की जर्मनीत आता गांजा लीगल आहे, आपल्याकडेही व्हायला पाहिजे, आणि मग म्हणाली की पुण्यात असताना दोनदा ओढलाय. त्यानंतरचं मला काही ऐकूच आलं नाही बाप्पा. तू मुद्दे मांडून राहिली होती आणि मी नुसता आवाज चढवून राहिलो होतो. बत्तीस वर्षं कोर्टात काढलेल्या माणसाने असं करावं काय? एखादा वकील असं करायला लागला की मीच टेबलामागे मान खाली घालून हसायचो.

आता तू गेल्यावर रोज रात्री मोबाइलवर वाचत बसतो. तुझं बरोबर आहे, 1 एप्रिल 2024 पासून तिकडे मोठ्या माणसाला 25 ग्रॅम जवळ ठेवता येतो, घरी तीन झाडं लावता येतात. पण पुढचंही वाच नं. तिकडच्या गांजाच्या क्लबमधून घेणारा 21 च्या आतला असला तर त्याला 10 टक्क्यांच्या वर टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, असलेला माल द्यायचा नाही, असं त्यांच्याच कायद्यात आहे. म्हणजे कोवळ्या डोक्याची भीती त्यांनाही आहे. तू चोवीसची आहे, ते मला माहीत आहे. तरी सांगतो.

हे बघ, लेक्चर सुरू झालंच.

खरं सांगू का, कायद्याबाबत मी तुझ्या फार विरुद्ध नाही. शेवटची सहा वर्षं ज्या कोर्टात होतो तिथे एनडीपीएसच्या, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याच्या केसेस यायच्या. ओडिशाकडून येणाऱ्या गाडीत बॅग घेऊन बसलेले पोट्टे, एकोणीस-वीस वर्षांचे, दोन-तीन हजारांसाठी आलेले. माल ज्याचा तो कधी कोर्टात दिसला नाही. एक किलोपर्यंत छोटी क्वांटिटी, आणि 20 किलोच्या वर गेलं की दहा वर्षं कमीत कमी, बेलही जवळजवळ नाहीच. मग फुलांबरोबर पानं अन् काड्यापण तोलल्या की काय यावर दोन-दोन तास वाद, कारण त्या 1985 च्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा, नुसती पानं नाही, म्हणून तर होळीची पानांची भांग त्या कायद्यात येत नाही. हे सगळं बघितलेल्या माणसाला तू सांगते की कायदा आंधळा आहे. माझ्यासमोर तर एका पोट्ट्याच्या मायने कोर्टाच्या पायरीवर डबा उघडला होता, तो जेवलाच नाही. त्यामुळे जेलचं म्हणशील तर माझंही मत तुझ्याच बाजूला.

पण बाळूकाका.

मी ठरवलं होतं त्याचं नाव काढायचं नाही. तू म्हणाली, आबा नागद्वारच्या यात्रेला दरवर्षी चिलीम ओढून यायचे आणि 84 व्या वर्षी झोपेत गेले, त्यांना काय झालं? काही नाही झालं. आबांना काही झालं नाही आणि बाळूला झालं, एकाच घरातले दोघं. तुझ्यात कोण आहे हे मला कुठून कळणार? डॉक्टर लोक हेच सांगतात की ज्या घरात हा डोक्याचा आजार होऊन गेला तिथल्या तरुण पोरांना याचा धोका जास्त, त्यातही आजकालचा माल कडक. पुण्याला दोनदा काही झालं नाही म्हणून तिसऱ्यांदा होणार नाही असं नसतं गं. बरं, हे तुला माहीत आहे. तू बायोटेकवाली, मी बी.कॉम.

शेजारी विचारतात तेव्हा मी "मास्टर्सला, स्कॉलरशिपवर" असं दोनदा सांगतो. आई हसते.

तू तो 1893-94 चा इंग्रजांच्या काळातला गांजावरच्या कमिशनचा रिपोर्ट म्हणाली होती नं, तो मी शोधून काढला. पूर्ण नाही वाचला, फार जाडा आहे. पण वेड्यांच्या इस्पितळांचं प्रकरण वाचलं. कमिशनने रजिस्टरं तपासली तर निघालं की माणूस आणला की कारणाच्या रकान्यात काही तरी भरायचं म्हणून गांजा लिहून टाकायचे, चौकशी न करता. मला पटकन पटलं. रकाना रिकामा ठेवायचा नाही, हे कारकुनाला पहिल्या दिवसापासून शिकवतात.

88 साली बाळूला ॲडमिट करायला मी आणि आबा गेलो होतो. आबा बाहेर बाकावर बसले. आत टेबलावरच्या माणसाने विचारलं, काही व्यसन? मी म्हटलं, नाही. तो गच्चीवर रोज ओढतो हे वर्षभर मला माहीत होतं, एकदा तर आबांना मीच सांगितलं होतं की तो वास अगरबत्तीचा आहे. त्याने "नाही" लिहिलं आणि पान उलटलं. गांजाने झालं की व्हायचंच होतं, ते मला आजही सांगता येत नाही. पण डॉक्टरला विचार करायला जे पाहिजे होतं ते मी दिलं नाही. आईलाही हे माहीत नाही, तिला सांगू नको, मीच सांगीन.

म्हणून त्या रात्री राग तुझा नव्हता आला. तू ताटावर बसून खरं सांगितलं, आणि मी असा ओरडलो की पुढच्या वेळी तू सांगणारच नाही, यानेच आता माझी झोप उडाली आहे. ओढ असं म्हणत नाही मी. ओढू नको. पण ओढलाच, आणि रात्री झोप लागत नाही, कोणी मागे लागलंय असं वाटायला लागलं, तर किती वाजले ते बघू नको, फोन कर. तिथल्या डॉक्टरलाही काकाचं सांग, सगळं.

डिसेंबरमध्ये येताना बॅग स्वतः भर, कोणी दिलेलं पार्सल घेऊ नको, इथे एक ग्रॅमही गुन्हा आहे. चिवड्याचा डबा डाव्या कप्प्यात स्वेटरखाली आहे, तुला सापडला नसेल.

बाबा