आमचा महिना १९ दिवसांचा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कोयनेच्या पाण्यापलीकडे, कांदाटी खोऱ्यातल्या आमच्या गावात मी सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीएम किसानची केवायसी, ई-पीक पाहणीचे फोटो चढवणं, पोरांचे प्रवेश अर्ज अशी सगळी कामं माझ्याकडे येतात. गावात टॉवर नाही, फायबरही आलेली नाही. म्हणून पत्र्यावर उपग्रहाची छत्री बसवली. तिच्यावर महिन्याला ४० जीबी डेटा मिळतो आणि तो १९-२० तारखेला संपतो. पुढचे दहा-अकरा दिवस नेट म्हणायला चालू असतं, पण काम एकही होत नाही.

राज्य सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये उपग्रहावरून नेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीबरोबर इरादापत्रावर सही केली. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव हे जिल्हे आधी घेणार अशी बातमी आली, तेव्हापासून गावातली माणसं विचारतात, "ताई, आता आपलं नेट संपायचं थांबंल का?" त्यांना काय सांगावं कळेना, म्हणून हे पत्र.

डेटाला मर्यादा असू नये, असं माझं म्हणणं नाही. एका उपग्रहाची ताकद कितीतरी गावांत वाटून द्यायची असते, हे मला समजतं. आमच्या छत्रीचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३६ हजार किलोमीटरवर आहे. विचारणा वर जाऊन खाली येते, उत्तरही तसंच येतं, म्हणजे एका क्लिकला सुमारे दीड लाख किलोमीटरचा फेरा. त्यात अर्धा सेकंद जातो, त्याची सवय होते. पावसाळ्यात जोराची सर आली की सिग्नल पडतो, अर्धवट उतरलेली फाइल पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागते आणि तो डेटा दोनदा मोजला जातो. तेही सोसतो.

मी रोजचा खर्च वहीत लिहिते. पहिल्या वर्षी कॉम्प्युटरने एका रात्रीत स्वतःच अपडेट घेतलं आणि ४ जीबी गेले. तेव्हापासून 'मीटर्ड कनेक्शन' ही डेटा जपून वापरायची सेटिंग चालू ठेवलीय. गणपतीला मुंबईची पोरं आली. माथाडीत काम करणारी, घरची पोरं, वायफाय नाही कसं म्हणायचं? एका संध्याकाळी ६ जीबी गेले, फोनमधले फोटो आपोआप वर चढत होते. पोरांना माहीतसुद्धा नव्हतं. आता पासवर्ड मी कुणाला देत नाही, आणि त्याचं वाईट वाटतं.

खरी अडचण मर्यादा संपल्यानंतरची आहे. प्लॅनच्या कागदावर 'त्यानंतर कमी वेग' एवढंच लिहिलंय, आकडा नाही. मी मोजला तर ६४ केबीपीएसच्या आसपास निघाला. दोन एमबीचं सरकारी पान उघडायला त्या वेगाने चार मिनिटांच्या वर लागतात. तोवर सेशन संपतं आणि पुन्हा लॉगिन करा म्हणून येतं. ओटीपीसाठी फोन खिंडीत न्यावा लागतो, कारण रेंज तिथेच आहे.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वाडीतली एक मुलगी इंजिनिअरिंगचा पसंतीक्रम भरायला आली. शेवटचा दिवस उद्यावर होता आणि माझा डेटा दोन दिवसांपूर्वीच संपलेला. तिचा भाऊ फोन पिशवीत गुंडाळून खिंडीत उभा. ओटीपी आला की तो वाटेवरच्या दुसऱ्या पोराला ओरडून सांगायचा, ते पोर धावत माझ्याकडे. सहा आकडे तिने तळहातावर लिहून घेतले. तोवर कॅप्चाचं चित्रच आलेलं नसायचं. असं आम्ही रात्री अकरापर्यंत चार वेळा केलं. पोरगी रडली नाही, नुसती पडद्याकडे बघत बसली. सकाळी वारा होता, लाँच उशिरा सुटली. बापलेक बामणोलीला उतरून कासमार्गे साताऱ्याला गेली आणि तिथल्या एका दुकानात अर्ज भरला. पंचवीस मिनिटांचं काम. बापाची दोन दिवसांची मजुरी बुडाली, लावणीच्या दिवसांत.

दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायने २०१६ मध्ये घरच्या ब्रॉडबँडबाबत कंपन्यांना निर्देश दिला होता, की मर्यादा संपल्यावरही वेग ५१२ केबीपीएसच्या खाली आणू नये आणि ५०, ९० व १०० टक्के डेटा वापरला की ग्राहकाला कळवावं. मला एवढंच हवंय. उपग्रहाच्या जोडणीलाही हा नियम स्पष्ट शब्दांत लागू करा आणि आकडा प्लॅनच्या कागदावर छापा. ५१२ वर तेच पान अर्ध्या मिनिटात उघडतं. त्या वेगावर सिनेमा नीट बघता येणार नाही, पण सातबारा निघेल. सरकार नव्या कंपन्यांशी करार करणार असेल, तर हे कलम सही करण्याआधी घालावं. स्टारलिंकसारखा पृथ्वीजवळच्या, खालच्या कक्षेतला उपग्रह आला तर उशीर कमी होईल, पण मर्यादा संपल्यावर काय, हे करारच ठरवणार.

दुसरं, सरकारी संकेतस्थळं चालवणाऱ्यांना विनंती. पहिल्या पानावरची ती सरकती मोठी छायाचित्रं काढा. प्रत्येक अर्जामागे ती आमचा डेटा खातात. अर्ज मध्येच तुटला तर भरलेली माहिती जपून ठेवा.

आज १७ तारीख. वहीत ३ जीबी शिल्लक आहेत. परवा पलीकडच्या गावातून चौघीजणी केवायसीला येणार आहेत, लाँचचं भाडं काढून. मी या म्हणून सांगितलंय.

आपली,
एक सेवा केंद्र चालक
कांदाटी खोरे, ता. महाबळेश्वर, जि. सातारा